जाड भिंतींच्या घरात वाय-फाय : आमच्या घरचा मेशचा उद्योग



गणेशोत्सवाच्या तयारीच्या बैठकीत चहाच्या वेळी गप्पा निघाल्या त्या वर्गणीच्या नव्हत्या, वाय-फायच्या होत्या. कोणाच्या हॉलमध्ये येते पण स्वयंपाकघरात येत नाही, कोणाचा नातू गच्चीच्या जिन्यावर बसून ऑनलाइन क्लास करतो, कोणी तीनशे एमबीपीएसचा प्लॅन घेतला तरी मुलीचा ऑस्ट्रेलियाहून आलेला व्हिडिओ कॉल गोठतोच. मी आमच्या घरी केलेला उद्योग सांगितला, तेव्हा चिटणीसांनी ‘हे लिहूनच द्या, वेबसाइटवर टाकू’ असा आदेश काढला. मी बी.कॉम. झालेला माणूस, इंजिनिअर नाही. छत्तीस वर्षे बँकेत काढली, आधी लेजर आणि मग संगणकाचा पडदा. तेव्हा हे तज्ज्ञाचे मत नसून पैसे भरून, एकदा चुकून, शिकलेल्या गिऱ्हाइकाचा हिशेब आहे असे समजून वाचावे.

आमचे घर बेगम बाजारात. आपल्यापैकी बरेच जण आता कुकटपल्ली, मियापूरकडे फ्लॅटमध्ये गेले आहेत, त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. निजाम अली खान यांच्या बेगमेने ही जागा व्यापाऱ्यांना दिली आणि तेव्हापासून इथे बाजार आहे. खाली दुकान, वर घर ही इथली जुनी रीत. आमच्याकडेही तळमजल्यावर भांड्यांचे दुकान भाड्याने दिलेले, पहिल्या मजल्यावर आम्ही आणि दुसऱ्या मजल्यावर मुलगा-सून. मधे चौक, चौकाभोवती सज्जा, आणि चौकाच्या पलीकडे मागची खोली. २८ सप्टेंबर १९०८ चा मुसीचा पूर या भागातून गेला होता हे आपण सर्वांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. आमची मागची बाजू त्या पुरानंतर पुन्हा बांधली असे आजोबा सांगत. ज्यांनी एकदा भिंत वाहून जाताना पाहिली त्यांनी दुसऱ्यांदा बांधताना हात आखडला नाही. दगड आणि चुना, जाडी जवळजवळ दोन फूट. उन्हाळ्यात त्या खोलीत पंखाही कमी लागतो. पण ती भिंत पाण्याला अडवायला बांधली होती, आणि ती सगळ्यालाच अडवते.

त्या खोलीत आमची आई राहते, वय सत्त्याऐंशी. गेल्या वर्षी मार्च महिन्यात एका रात्री ती मोरीजवळ पाय घसरून पडली. फोन उशाशी होता, तो तिने ओढून घेतला आणि मला लावला. लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. त्या खोलीत मोबाइलचे नेटवर्क एक कांडी, कधी तीही नाही, आणि वाय-फाय तर नावालाच. शेवटी तिने पितळी तांब्या फरशीवर आपटायला सुरुवात केली. दोन भिंती आणि चौकाच्या अलीकडे आम्ही झोपलेलो, सौ.ला पहाटे पाणी प्यायला उठल्यावर तो आवाज ऐकू आला. आई पाऊण तास तशीच पडून होती. मनगटाला चीर, बाकी काही नाही, देवाची कृपा. उस्मानिया दवाखाना आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी सुरू झाली ती आपल्या याच हैदराबादेत. आणि घरातल्या घरात फोन लागत नव्हता.

त्या दिवसानंतर मी हा विषय मुलावर ढकलायचा सोडून स्वतः हातात घेतला.

पहिली चूक : चौदाशे रुपयांची

मी जवळच्या एका दुकानात गेलो आणि म्हटले, मागच्या खोलीत वाय-फाय पोचत नाही. त्याने लगेच भिंतीच्या प्लगमध्ये खोचायचा एक डबा काढला, रिपीटर. चौदाशे रुपये. ‘लावा आणि विसरा’ म्हणाला. लावला. फोनवर कांड्या पूर्ण दिसू लागल्या, आणि आईचा व्हिडिओ कॉल तरीही तुटतच राहिला.

कारण नंतर समजले. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर बोलतो. राउटरकडून निरोप घ्यायचा, मग थांबून तो पुढे सांगायचा. दोन्ही कामे आळीपाळीने, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. शिवाय मी तो डबा आईच्या खोलीतच लावला होता, जिथे मुळात सिग्नलच नव्हता. मेलेला सिग्नल त्याने इमानेइतबारे मोठ्याने पुन्हा सांगितला. फोनवर दिसणाऱ्या कांड्या म्हणजे फोन आणि जवळच्या डब्यातले अंतर, त्या डब्याला मागून काय मिळते आहे ते त्या सांगत नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे मेशमध्येही हीच चूक होते आणि तिथे ती महाग पडते.

मेश म्हणजे काय, हे बँकेच्या भाषेत

आमच्या नोकरीच्या सुरुवातीला खाते म्हणजे शाखेचे. कोठीच्या शाखेत खाते असले तर सिकंदराबादच्या शाखेत तुम्ही परके. चेक वटायला चार दिवस. मग कोअर बँकिंग आले आणि गिऱ्हाईक शाखेचे न राहता बँकेचे झाले. कोणत्याही काउंटरवर जा, शिल्लक तीच.

रिपीटर म्हणजे जुनी शाखापद्धत. बहुतेक वेळा त्याचे नाव वेगळे, जोडणी वेगळी, फोन एकाला चिकटला की चिकटला. मेश म्हणजे कोअर बँकिंग. घरात दोन किंवा तीन डबे, म्हणजे नोड, पण वाय-फायचे नाव एक, पासवर्ड एक. तुम्ही हॉलमधून जिना चढून वर गेलात की फोन आपोआप जवळच्या डब्याकडे वळतो आणि चालू कॉल सहसा तुटत नाही. सगळे डबे आपसात बोलून ठरवतात की कोणाचा भार कोणी उचलायचा. मात्र शेवटी कोणत्या डब्याला धरायचे हे फोनच ठरवतो, आणि जुने फोन हट्टी असतात. सौ.चा जुना फोन अजूनही वर गेल्यावर खालच्या डब्यालाच धरून बसतो. त्याचे वाय-फाय एकदा बंद करून चालू केले की शहाणा होतो.

पण बँकेत काम केलेल्या माणसाला हेही माहीत असते की शाखा कितीही चकचकीत असली तरी मुख्यालयाशी जोडणारी लाइन मेली की काउंटरवर ‘लिंक डाउन’चा कागद लागतो. आपल्याच मासाब टँकच्या आयडीआरबीटी संस्थेने १९९९ साली बँकांसाठी इन्फिनेट हे जाळे उभारले. तेव्हा शाखांच्या गच्चीवर उपग्रहाच्या छत्र्या बसल्या, आणि पावसात त्या रुसल्या की आम्ही गिऱ्हाइकांच्या शिव्या खात असू. मेशमध्येही डब्यांना जोडणारी ही आतली लाइन असते, तिला बॅकहॉल म्हणतात. ती हवेतून असू शकते किंवा केबलने. घेताना आणि बसवताना नव्वद टक्के विचार या लाइनचा करायचा. दुकानदार बोलतो फक्त डब्याबद्दल.

आधी मोजणी, मग खरेदी

आमच्या पुतण्याने मला फोनमध्ये वाय-फाय अ‍ॅनालायझर नावाचे फुकटचे अ‍ॅप टाकून दिले. ते सिग्नलची ताकद ऋण आकड्यात दाखवते. पहिल्यांदा पाहून गोंधळ होतो, पण ओव्हरड्राफ्टसारखे वाचायचे : ऋण जितके कमी तितके बरे. उणे पन्नास म्हणजे खुशाल. उणे सदुसष्टपर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे पंचाहत्तरच्या खाली रडारड सुरू, उणे पंच्याऐंशीला काही नाही. आणखी एक, हे आकडे साध्या बेरजेचे नाहीत. तीनने घसरले की ताकद निम्मी, दहाने घसरले की एक दशांश.

मी चौकटीच्या वहीत घराचा नकाशा काढला आणि प्रत्येक खोलीत उभा राहून आकडा लिहिला. राउटरजवळ उणे ३८. हॉलच्या टोकाला ५२. स्वयंपाकघरात, एक भिंत ओलांडून, ६८. वर सुनेच्या कामाच्या टेबलावर ७९. आईच्या खोलीत ८६. म्हणजे एका दगडी भिंतीमागे दहा-पंधराचा खड्डा. सून घरून ऑफिसचे काम करते आणि मीटिंग तुटली की आम्हालाच ऐकू येते, त्याचे कारणही त्या वहीत सापडले.

यात दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूर जातो आणि भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो, पण हळू आहे आणि गर्दीचा आहे. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. आमच्या गल्लीत अ‍ॅपवर शेजारपाजारची आणि दुकानांची मिळून सव्वीस नावे दिसली, सगळी त्याच तीन रस्त्यांवर. शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात आवाज करतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान आणि मोकळा, पण भिंत आली की गळपटतो. म्हणून डब्यावर ‘तीन हजार चौरस फूट’ असे छापलेले असते ते आपल्या घरांना लागू नाही. तो आकडा बहुधा लाकडी किंवा पातळ भिंतींच्या घराचा हिशेब आहे.

दगडाइतकाच त्रास लोखंडाचा आणि पाण्याचा. चौकावरचे पत्रे, स्टीलची कपाटे, मोठा आरसा, पाण्याची टाकी, फिशटँक, यांच्या मागे सिग्नल सापडत नाही. आमच्या खाली तर भिंतभर स्टीलची पातेली रचलेली!

मोजून झाल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारा : राउटरची जागा बदलून काम होते का? फ्लॅटमधल्या सभासदांना मी आग्रहाने सांगेन की दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटला बहुतेक वेळा मेश लागतच नाही. फायबरवाला मुलगा दाराजवळ, टीव्हीच्या मागे किंवा थेट विजेच्या पत्र्याच्या पेटीत राउटर बसवून जातो, कारण त्याला केबल वाचवायची असते. तो मधल्या पॅसेजमध्ये, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर आणला की निम्म्या तक्रारी मिटतात. खर्च दहा मीटर केबलचा.

आणि प्लॅन वाढवू नका. मेशने इंटरनेटचा वेग वाढत नाही, आहे तो वेग घरभर पोचतो, इतकेच. एचडी व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. शंभरचा प्लॅन पाच माणसांच्या घराला भरपूर आहे. बाहेरच्या टाकीत पाणी आहे, नळाला येत नाही, तर टँकर मागवून काय उपयोग?

काय पाहून घ्यावे

बाजारात टीपी-लिंकचे डेको, नेटगिअरचे ऑर्बी, एसूसचे झेनवायफाय, मर्क्युसिसचे हॅलो, टेंडाचे नोव्हा अशी बरीच नावे आहेत. काही फायबर कंपन्या स्वतःचे मेशचे डबे भाड्यानेही देतात. ज्यांना डोकेदुखी नको त्यांनी तेही विचारून पाहावे. मी कोणाची जाहिरात करत नाही. किमती सेलप्रमाणे वर-खाली होतात. मी पाहिले ते सांगतो.

एक, वाय-फाय ६ पुरेसे आहे. वाय-फाय ७ चे डबे आले आहेत, पण त्यांची खरी चमक ज्या वरच्या पट्ट्यात आहे तो भिंतीतून आणखी कमी जातो, आणि आपल्या घरातले बहुतेक फोन ते वापरूही शकत नाहीत. आईच्या फोनला तर ५ आणि ६ मधलाही फरक कळत नाही.

दुसरे महत्त्वाचे, मागची बाजू पाहा. प्रत्येक डब्याला केबलची निदान दोन छिद्रे हवीत आणि ती गिगाबिट हवीत. स्वस्त सेटमध्ये ही छिद्रे शंभर एमबीपीएसचीच असतात, आणि खोक्यावर मात्र हजार-बाराशेचे आकडे मोठ्या अक्षरात छापलेले. तो दोन्ही पट्ट्यांची बेरीज करून फुगवलेला आकडा आहे. ताळेबंदातली असली बेरीज आम्ही ऑडिटमध्ये कधी मान्य केली नसती.

ज्यांना केबल टाकणे शक्यच नाही, भाड्याचे घर आहे, त्यांनी तीन रेडिओंचा म्हणजे ट्राय-बँड सेट घ्यावा. त्यातला एक रेडिओ डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी राखून ठेवता येतो, त्यामुळे रिपीटरसारखा वेग निम्मा होत नाही. ज्यांना केबल टाकता येते त्यांना हा जादा खर्च नको. साधा ड्युअल-बँड आणि केबल हे महागड्या ट्राय-बँडपेक्षा आमच्यासारख्या घरात सरस.

वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे एकत्र चालावेत म्हणून इझीमेश नावाचा ठराव आहे, पण प्रत्यक्षात एकाच कंपनीचा एकच सेट घेणे शहाणपणाचे. मुलाचा मित्र अमेरिकेहून येताना आणतो म्हणाला, ते मी नको म्हटले. वॉरंटी तिथे आणि डबा इथे, आणि तिथल्या डब्यांची चॅनेल-व्यवस्था त्या देशाच्या नियमांप्रमाणे लावलेली असते.

किती डबे? मी तीनचा सेट घेतला : एक पुढे फायबरच्या डब्याजवळ, एक मागे, एक वर. चौथा घेण्याचा मोह झाला होता. पण डबे वाढले की ते एकमेकांच्याच बोलण्यात बोलू लागतात.

बसवणे

अ‍ॅपमधून चालू करण्यावर मी फार लिहीत नाही. खोक्यात कागद असतो, फोनवर एकेक पायरी येते, वीस मिनिटांचे काम. नाव आणि पासवर्ड मात्र जुन्या राउटरचेच ठेवा, म्हणजे टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा, सर्वांचे फोन आपोआप जोडले जातात. नाहीतर घरातल्या प्रत्येकाचे ‘जरा माझ्या फोनमध्ये टाकून द्या ना’ दिवसभर चालते. आणि मग फायबर कंपनीच्या जुन्या डब्याचे स्वतःचे वाय-फाय बंद करा. ते चालू राहिले तर त्याच नावाची दोन राज्ये घरात होतात आणि फोन चुकीच्या दारात उभा राहतो.

एक ठिकाणी थांबून निर्णय घ्यावा लागतो. फायबरचा डबा स्वतःही राउटर असतो आणि नवा मेशही राउटर. दोघांनी एकच काम केले तर एका खिडकीवर टोकन घेऊन दुसऱ्या खिडकीवर पुन्हा टोकन घेण्यासारखे होते. वेबसाइट उघडते, पण कॅमेरा, प्रिंटर अडखळतात. उपाय दोन. मेशला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो फक्त वाय-फाय देईल. किंवा फायबर कंपनीला सांगून त्यांचा डबा ब्रिज मोडमध्ये करून घ्या. मी पहिला उपाय केला, कारण तो स्वतःच्या हाती आहे आणि कस्टमर केअरला फोन करावा लागत नाही. त्यात काही कंपन्यांची मुलांवर नियंत्रण ठेवण्याची सोय बंद होते. आमचा नातू खूश.

आता जागेचा विषय. तीनही डबे आल्यावर मी उत्साहात दुसरा डबा थेट आईच्या खोलीत ठेवला. पुन्हा तीच चूक! डबा जिथे सिग्नल हवा तिथे ठेवायचा नसतो, जिथपर्यंत सिग्नल चांगला पोचतो तिथे ठेवायचा असतो, म्हणजे तो पुढे नेईल. मशालीची पळत तशीच असते, विझलेली मशाल हातात घेऊन पुढचा काय पळणार. मी डबा चौकाच्या सज्ज्यावर, आईच्या दारासमोर आणला. तिथे पुढच्या डब्याचा सिग्नल उणे ६४ होता, आणि आईच्या खोलीत, दार उघडे असताना, उणे ५८ आला. दार लावल्यावर ६३. जाड भिंतीच्या घरात सिग्नल भिंतीतून नाही, दारे-खिडक्यांतून फिरतो, तेव्हा दारांची रांग पाहून डबे ठेवा.

हवेतून चालत होते, पण चौकात पत्र्यांवर पाऊस सुरू असताना किंवा सगळे एकदम वापरत असताना अडखळायचे. मग केबलचे ठरवले. भोके पाडण्याआधी मी तीस मीटरची तयार केबल आणून चार दिवस ती तशीच जमिनीवरून, सज्ज्यावरून लोंबकळत ठेवली. सौ.ने चार दिवस सहन केले. वर सुनेच्या टेबलावर वेग बावीसवरून ब्याण्णववर गेला. मग इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने भिंतीवर ड्रिल लावले, दहा मिनिटे घाम गाळला आणि म्हणाला, ‘चाचा, ये दीवारां सिग्नल कोच नहीं, ड्रिल को बी खा जा रें.’ शेवटी भिंत फोडायचा नाद सोडून केबल पावसाच्या पाण्याच्या पाइपाबरोबर चौकातून नेली आणि खिडकीच्या चौकटीतून आत घेतली. जुन्या घरात बहुतेक वेळा हाच मार्ग निघतो.

केबलबद्दल चार ओळी जास्त लिहितो, कारण फसवणूक इथे आहे. कॅट ६ घ्या, उन्हात जाणार असेल तर बाहेर वापरायच्या काळ्या आवरणाची. शंभर मीटरपर्यंत ती चालते, आपल्याला तेवढी लागत नाही. स्वस्त केबलमध्ये तार तांब्याची नसून वरून तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम असते. ती ठिसूळ, वाकवली की आत तुटते, आणि दोष सापडत नाही. जिथे तांबे तोलून विकले जाते त्या बाजारात राहून मी मुलाम्याची तार घरात लावली असती तर खालच्या दुकानदाराला तोंड दाखवता आले नसते. ओळखायची पद्धत त्यानेच दाखवली : तारेचे टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरे दिसले तर परत करा. राउटर मोड ठेवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की वरच्या-मागच्या डब्यांच्या केबल मेशच्या पहिल्या डब्यातूनच निघाल्या पाहिजेत, फायबरच्या डब्यातून नाही.

आणखी एक प्रसंग. सगळे सुरळीत झाल्यावर आठ दिवसांनी आईचा फोन पुन्हा बंद. जाऊन पाहतो तो सज्ज्यावरच्या डब्यावर पितळेचे पातेले पालथे घातलेले. रात्री त्याचा दिवा डोळ्यावर येतो म्हणून आईने झाकून टाकला होता. धातूच्या पातेल्याखाली वाय-फाय म्हणजे कोंबडा झाकल्यासारखेच, फक्त हा आरवतही नाही. दिवा अ‍ॅपमधून रात्रीपुरता बंद करता येतो, तो केला.

फोन लागणे

ज्यासाठी हे सगळे केले तो मुद्दा राहिला. मोबाइलचे नेटवर्क नसलेल्या खोलीत वाय-फायवरून साधा फोन लागू शकतो. याला वाय-फाय कॉलिंग म्हणतात. आपल्याकडे डिसेंबर २०१९ मध्ये एअरटेलने आणि जानेवारी २०२० मध्ये जिओने ही सोय सुरू केली. वेगळे अ‍ॅप नको, वेगळे पैसे नकोत, नंबर तोच, समोरच्याला कळतही नाही. पण फोनच्या सेटिंगमध्ये सिमकार्डाच्या पानावर ‘वाय-फाय कॉलिंग’ हे बटण चालू करावे लागते, आणि ते बहुतेक फोनवर बंदच असते. आपल्या घरातल्या वृद्धांचा फोन आज हातात घेऊन हे एक बटण बघा. साध्या बटणांच्या फोनवर ही सोय सहसा नसते. बँकेचे ओटीपी न येणे ही मागच्या खोलीची दुसरी तक्रार. काही फोनवर वाय-फाय कॉलिंग चालू केल्यावर संदेशही येऊ लागतात, आमच्याकडे आले.

वीज गेली की वाय-फाय गेले, म्हणजे फोनही गेला. म्हणून फायबरच्या डब्याला, पहिल्या आणि सज्ज्यावरच्या मेशला एकेक छोटा यूपीएस लावला. घेताना अ‍ॅडॉप्टरवरचे बारीक अक्षर वाचा : व्होल्ट तंतोतंत तेच हवे, अ‍ॅम्पिअर तेवढे किंवा जास्त. बहुतेक डबे बारा व्होल्टचे असतात, सगळे नाहीत. आमचे डबे वीज गेल्यावर दोन-अडीच तास तग धरतात.

आणि तरीही, आपत्कालीन वेळेसाठी केवळ वाय-फायवर विसंबू नका असे मी स्पष्ट सांगेन. आईच्या उशाशी आणि मोरीत एकेक बिनतारी घंटीचे बटण लावले आहे, घंटी आमच्या खोलीत. असल्या घंट्या साधारण ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे वाय-फायपेक्षा फार खालच्या पट्ट्यात, त्यामुळे जाड भिंतीतून बऱ्या जातात. इंटरनेट नको, पासवर्ड नको. चारशे ऐंशी रुपयांच्या या वस्तूवर माझा साऱ्या मेशपेक्षा जास्त भरवसा आहे, आणि ती मी आधी लावायला हवी होती.

सुरक्षेचे थोडक्यात. खालच्या दुकानातली पोरे पासवर्ड मागतात, नाही म्हणणे जड जाते. त्यांच्यासाठी मेशमध्ये पाहुण्यांचे वेगळे नेटवर्क उघडा, मुख्य पासवर्ड देऊ नका. कनेक्शन तुमच्या नावावर आहे, त्यावरून कोणी काही उद्योग केला तर विचारणा तुमच्याकडे होईल. अ‍ॅपचा पासवर्ड वेगळा ठेवा, अपडेट आले की घ्या. आमच्या जुन्या कॅमेऱ्याला फक्त २.४ चाच पट्टा कळतो, त्याला जोडताना ५ चा पट्टा थोडा वेळ बंद ठेवावा लागला.

हिशेब देतो, कारण बैठकीत सर्वांनी तोच विचारला. मेशचा तीनचा सेट ११,८०० रुपये. साठ मीटर केबल १,८००. चाचणीची तयार केबल ७००. इलेक्ट्रिशियन १,५००. तीन छोटे यूपीएस ३,७५०. घंटी ४८०. एकूण २०,०३०. रिपीटरचे १,४०० बुडीत खाती टाकले, ते धरले तर २१,४३०. आईच्या खोलीत आता फोन लागतो. ती रोज दुपारी नागपूरच्या मावशीशी तासभर व्हिडिओवर बोलते आणि दोघींना कमी ऐकू येते, त्यामुळे संभाषण चौकभर पोचते.

ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी सकाळी दहाच्या आत यावे, नंतर गल्लीत हमाल आणि हातगाड्या सुरू झाल्या की स्कूटर लावायलाही जागा राहत नाही. चाचणीची तीस मीटर केबल माझ्याकडे पडून आहे, भोके पाडण्याआधी कोणाला हवी असल्यास घेऊन जा. नाव, तारीख वहीत लिहून सही घेतली जाईल. सध्या ती कोणाकडेही नाही.